गोणपाट

अकरावीच्या प्रॅक्टिकलला आयोडीन मीच काढून देते.
तपकिरी बाटली, ड्रॉपर, बटाट्याच्या चकत्या.
एक थेंब, आणि चकती निळीकाळी,
जांभळं खाल्लेल्या जिभेसारखी.
या वर्षी घरून एक तुकडा आणला,
दादांच्या खांद्यावरच्या गोणपाटाचा.
थेंब तपकिरी पडला, तपकिरीच राहिला.

दादा म्हणजे हिंदुराव साळेकर, टोळी नंबर बावीस,
तुर्भे, कांदाबटाटा मार्केट.
एकतीस वर्षं पन्नास-पन्नास किलो मानेवर.
आतला बटाटा आणि बाहेरची गोणी,
पाणी निथळून टाकलं तर दोन्ही बहुतेक साखरच,
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

कर्बोदक. शब्दच उसवून बघा:
कर्ब म्हणजे कोळसा, उदक म्हणजे पाणी.
पाक विसरला की आईच्या पातेल्यात
पाणी उडायचं, कोळसा उरायचा.
पाच कर्ब, एक ऑक्सिजन, हातात हात धरून कडं,
सहावा कर्ब बाहेर, ओट्यावर बसल्यासारखा.
हे ग्लुकोज.
कड्याला कडं जोडताना दर वेळी
पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो.
जोडकामाला घाम येतोच.

सगळी एकाच अंगाने जोडली
तर साखळी वळत जाते, गोल जिन्यासारखी.
आयोडीन त्या जिन्यात शिरून बसतं, म्हणून निळं.
एकाआड एक उलटं वळलं
तर साखळी ताठ, शेजारणीला घट्ट,
तिचा दोर होतो, ताग होतो, गोणी होते.
ती गाठ सोडवायला
माणसाच्या पोटात बोट नाही.

मार्केटच्या गेटवर एक शेळी
फाटकी गोणपाटं चघळत असायची.
दादा म्हणायचे, हिचं बरं हाय.
तिच्याही पोटात एक टोळी असते, डोळ्यांना न दिसणारी,
गाठी सोडते, बदल्यात राहते-खाते.

एकदा दुपारी दादा फळीवर बसले ते उठेचनात.
सकाळी डायबेटिसची गोळी, वर बिनसाखरेचा चहा,
डबा तसाच बांधलेला.
धडधाकट माणसाच्या अख्ख्या रक्तात
साखर असते चमचाभर.
त्यांच्यात तेवढीही उरली नव्हती,
आणि पाठीमागे थप्पीला चारशे गोणी बटाटा.
सीतारामकाकांनी गुळाचं पाणी पाजलं, घोट घोट.
जरा वेळाने डोळे उघडले. पहिला प्रश्न:
गाडी खाली झाली का?

जर्नलमध्ये मुलं लिहितात:
निरीक्षण, रंगात बदल नाही. अनुमान, पिष्ट नाही.
एक मुलगी विचारते,
म्हणजे मॅडम, यात काहीच नाही?
मी तुकडा खिशात ठेवते.

संध्याकाळी कोपरखैरण्याला,
बोटाला सुई, पट्टीवर थेंब.
यंत्र आकडा दाखवतं, मी मोठ्याने वाचते:
एकशे अठ्ठेचाळीस.
दादा मान चोळत विचारतात,
किलो?