चिकटपट्टी

ओतियाने पिवळ्या दिव्यावर
काळी चिकटपट्टी लावली होती.
तीन आठवडे टॅक्सी तशीच हाकली,
रुस्तावी ते तिबिलिसी, तिबिलिसी ते रुस्तावी,
पेट्रोल पाण्यासारखं जात होतं
आणि मागे सडक्या अंड्यांचा वास.
"दिवा विझव, नेस्तान. बाकी काही नको.
रात्री पट्टीच्या कडेतूनसुद्धा दिसतो."

विझवणं सोपं आहे.
आमच्या गल्लीतली अर्धी दुकानं त्यावरच जगतात.
मागचा सेन्सर असेल तर पोकळ बोल्ट घालून
त्याला धुरापासून जरा लांब बसवतात,
मग सगळं छान चाललंय असं त्याला वाटतं.

पण हा पुढचा होता.
धडधाकट असला की याचा आकडा झोके घेतो,
एक दशांश, नऊ दशांश, पुन्हा एक.
ओतियाचा दोनवर खिळून बसलेला.
हवा फार, पेट्रोल कमी, एवढंच म्हणत होता,
आणि गाडीचा सांगकाम्या संगणक
ओतत होता, ओतत होता.

निरोप वाईट म्हणून लगेच निरोप्याला झोडू नये,
असं बोंदोमामा म्हणायचा.
म्हणून आधी थंड इंजिनावर, नळीच्या सांध्यांना साबणाचं पाणी.
एकही बुडबुडा नाही.
वायरी चाचपल्या. हीटरला मल्टिमीटर लावला, सहा ओहम, ठीक.
मग लायटरचा गॅस, न पेटवता,
हवेच्या तोंडाशी सोडला
आणि पडद्याकडे बघत राहिले.
आकड्याने उसळायला हवं होतं.
तो गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या म्हाताऱ्यासारखा
कसाबसा तीनपर्यंत आला,
आणि बसला.

रात्रभर आटे तेलात भिजत ठेवले.
सकाळी इंजिन कोमट करून
बावीसचा खाचेचा पाना, त्याला हातभर पाइप,
आणि माझं सगळं वजन.
एक किंकाळी आली. ओतियाने टोपी काढली,
का ते त्यालाच ठाऊक.

टोक काळं असतं तर काजळी म्हटलं असतं.
तपकिरी असतं तर जळलेलं ऑइल.
हे पांढरं होतं,
पावाच्या बुडाला पीठ लागावं तसं.

पांढरं म्हणजे सिलिकॉन.
पांढरं म्हणजे कुणीतरी स्वस्तातली ट्यूब पिळली,
तिची वाफ इंजिनाने श्वासाबरोबर ओढली,
जाळली, आणि राख इथे साचत गेली.

मी व्हॉल्व्हच्या झाकणाकडे पाहिलं.
कडेने लाल ओघळ, अंगठ्याने सपाट केलेला.
मार्च महिना. गॅस्केट पोतीच्या बंदरात अडकलं होतं,
ओतियाला विमानतळाचं भाडं होतं,
मला घाई होती.
आठ लारी वाचले होते.
माझे की त्याचे, आठवत नाही.
अंगठा माझाच.

लाल सगळं खरवडलं, नखं दुखेपर्यंत.
खरं गॅस्केट बसवलं. नवा सेन्सर,
आट्यांना ग्रीस, टोकाला बोटसुद्धा नाही.
चावी फिरवली. मिनिटभर काही नाही.
मग एक, नऊ, दोन, आठ, एक.

तेव्हा सांगितलं. त्याच्याकडे न बघता,
हात पुसत पुसत.

तो बराच वेळ गप्प.
"म्हणजे तीन आठवडे
दिवा तुझ्याबद्दल बोलत होता?"
आणि हसला, की खोकला.

मजुरी घेतली नाही.
सेन्सरचे अर्धे पैसे घेतले,
पूर्ण सोडण्याइतकी मी चांगली नाही.
त्याने नखाने पट्टी सोलून काढली.
खाली दिवा नव्हता,
गोंदाचा एक चौकोन तेवढा राहिला,
पेट्रोलनेही निघाला नाही.

लाल ट्यूब अजून फळीवर आहे,
निम्मी भरलेली, टोपण घट्ट.