तीन वाजताचा उंचवटा

सोसायटीच्या वेबसाइटवर आधी नुसता तक्ता होता:
तारीख, टँकर, लिटर, शेरा.
कोणी उघडत नसे. रेशनच्या रांगेसारखे आकडे,
मागच्याला पुढच्याची फक्त पाठ दिसायची.

मग निमकरांनी मला लिफ्टमध्ये गाठलं.
"तुम्ही त्यातलंच करता ना? काहीतरी हलतं-बोलतं बसवा.
बोट ठेवलं की सांगेल, असं."
उलव्यात आमच्या अकराव्या मजल्यावर
पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं.
सेक्रेटरीला नाही म्हणायची माझी टाप नव्हती.

पहिल्या रात्री नुसते अक्ष. आडवा वेळ, उभं पाणी.
पडद्यावर शून्य वरच्या कोपऱ्यात असतं, हे मी विसरले,
सगळं उलटं आलं:
टाकी भरली की रेघ बुडायची.
दुसरी रात्र ते सुलट करण्यात गेली.
तिसऱ्या रात्री माऊस नेला तिथे चौकट उघडू लागली:
बी-विंग, सोमवार, सहा दहा, दोनशे वीस लिटर.
मी पोरासारखी खेळत बसले.
शनिवारी वॉशिंग मशीनचा डोंगर,
पाहुणे आले की सी-विंगला टेंगूळ.

आणि तिथेच तो दिसला.
बागेच्या नळावर, रात्री तीन ते सव्वातीन, रोज.
एवढासा उंचवटा,
चादरीखाली झोपेचं सोंग घेतलेल्या मुलाच्या गुडघ्याएवढा.

गळती असेल म्हणून खाली उतरले.
नळाला पाइप, पाइप पत्र्याच्या भोकातून पलीकडे.
पलीकडे नव्या टॉवरचा सांगाडा
आणि रंगाचे रिकामे डबे घेऊन सात-आठ बायका.
कोणी बोलत नव्हतं.
धार वाजू नये म्हणून
प्रत्येक डब्यात तळाला फडकं टाकलेलं.

वॉचमन घरतमामा दचकलेसुद्धा नाहीत.
"इथंच व्हती आमची बाव," म्हणाले,
"तुमच्या पार्किंगच्या खांबाखाली. सतरा नंबर.
तवा कोनी इचारलं नाय, किती काढलंस."

सतरा नंबर माझा आहे.
गाडी नाही, तिथे माझी स्कूटर असते.

शनिवारी रात्री परत कोडमध्ये शिरले.
यादीत चार पर्याय होते: तास, दिवस, आठवडा, महिना.
पहिली ओळ काढली.
चोवीस तास एका दिवसाच्या मुठीत मिटले,
बेरीज तीच राहिली.
एक लिटरसुद्धा लपवलेला नाही,
असं मी स्वतःला सांगितलं,
मग पुन्हा एकदा सांगितलं,
तेव्हा कळलं की पहिल्यांदा पटलं नव्हतं.

रविवारी क्लबहाऊसमध्ये प्रोजेक्टर.
वायंगणकरबाईंनी बुधवारवर बाण नेला, चौकट उघडली.
"अगं बाई, बोलतं की!" टाळ्या.
निमकरांनी चष्मा वर केला:
"तासाचं नाही का दिसत?"
"पुढच्या व्हर्जनमध्ये," मी म्हणाले.
दाराशी घरतमामा
प्लास्टिकच्या खुर्च्या मोजत होते, मोठ्याने,
आणि चोवीसवर अडखळले.

कच्चे आकडे सर्व्हरवर तसेच आहेत.
ज्याला खणायचं असेल त्याला सापडतील.
माझ्या लॅपटॉपवर तासाची ओळ अजून जिवंत आहे,
पावणेतीनला जाग आली की उघडते,
उंचवटा येतो, जातो,
मग डोळा लागतो.

काल सव्वातीन झाले, साडेतीन झाले.
रेघ सपाट.
मी पान दोनदा रिफ्रेश केलं.
मग चपला शोधल्या आणि लिफ्टची वाट न पाहता
जिन्याने उतरायला लागले.