मे, दुपारी तीन

हुडकेश्वरच्या लेआउटमधली ती जागा
नकाशात हिरवी होती.
प्रत्यक्षात मुरूम, फुटका कमोड
आणि एक कडुनिंब, सर्व्हेत नोंद नसलेला.

मी सव्वीस वर्षांची.
ट्रेसिंग पेपरवर कारंजं काढलं, लॉन काढलं,
नदीसारखी वळणारी पाऊलवाट,
वाटेवर एक बाई, फुगा धरलेलं मूल.
कागदावरच्या माणसांना घाम येत नाही.

शेवंताबाई धकातेंनी नकाशा उलटा धरला,
बराच वेळ पाहिला.
"सारं छान आहे जी मॅडम.
पण मे महिन्यात, दुपारी तीन वाजता
याच्यात बसाचं कुठी?"

मी उत्तर दिशेच्या बाणाकडे पाहिलं.
तोही गप्प.

तेव्हापासून मी आधी सावली काढते.
झाड नंतर.
कोणती भिंत किती वाजता निवते,
कुणाच्या कूलरचं पाणी कुठल्या बाजूला गळतं
हे विचारत दारोदार फिरते, लोकांना मी
जनगणनेवाली वाटते.

लॉन खोडलं. कारंजं खोडलं.
वळणाची वाट मात्र हट्टानं ठेवली अकरा महिने.
लोक नळापासून ऑटोस्टॉपपर्यंत तिरके चालत राहिले,
त्यांच्या चपलांनी माझ्याहून सरळ रेघ मारली.
शेवटी त्या रेघेवरच मुरूम दाबला.

काळी माती कुणाला जुमानत नाही.
उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा,
पावसात फुगून फरशा उलथवते.
सुखदेव उईके म्हणायचे,
"पाला झाडू नोका. उघडी ठेवली का तिले चटके लागतेत."
पाच वर्षांच्या पदवीत हे वाक्य नव्हतं.

पुढे 'शाश्वत' हा शब्द आला,
एसी सभागृहात, शाल-श्रीफळासकट.
मी तो जपून वापरते.
तो लिहिला की पाणी घालावं लागत नाही
असं वाटतं लोकांना.

एका बागेत ठेकेदारानं बुंध्याला खेटून
पेव्हर ब्लॉक बसवले.
ती बाग मी माझ्या यादीतून काढली.
अर्जुन तिसऱ्या वर्षी आपणहून गेला.

परवा हुडकेश्वरला गेले, तीस वर्षांनी.
कडुनिंबाखाली कुणीतरी शेंदूर फासलेला दगड,
कॅरम, मिरच्यांची देठं खुडणाऱ्या चौघी,
गाडीवरच झोपलेला गॅस-सिलेंडरवाला.
शेवंताबाई गेल्या, असं कळलं.

तीन वाजले होते.
सावलीत बसायला जागा नव्हती.

"मावशी, उन्हात कायले उभ्या?"
कॅरमवरचा पोरगा म्हणाला,
आणि सरकला,
वीतभर.