ताणकाटा

डोंग्यातून उतरले तेव्हा
पिशवीत एक्केचाळीस फॉर्म होते
आणि कवडू नान्हेचा मासोळी मोजायचा ताणकाटा, उसना.
चिचटोलीला आता चहूकडून पाणी.
धरण भरलं त्या साली टेकडीवरची घरं तेवढी वर राहिली.
कागदावर बेटाचा रकाना नव्हता,
म्हणून टोली अजून रस्त्यालगतच आहे.

पहिलं घर सयत्राबाईचं.
कार्बनचं पाऊल म्हणजे काय, हे सांगताना
मी तिच्या सारवलेल्या ओल्या अंगणात
उमटलेले माझेच पाय पाहत होते.
विमानानं वर्षाला किती तास?
ती पदरात हसली,
मग सुनेला हाक मारून
प्रश्न पुन्हा विचारायला लावला.
फ्रिज? आहे.
लाईनचा खांब वाकला तेव्हापासून
त्यात धानाचं बियाणं आहे.
उंदराला दार उघडता येत नाही.

मग लाकडं.
तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ,
मासोळीचा वास मुरलेल्या आकड्याला मी मोळी टांगली.
सहा किलो. साडेसहा. पाहुणे आले त्या दिवशी नऊ.
लाकूड काळं, हलकं, सालीत शंख अडकलेले.
कुठलं हे?
तिनं हनुवटीनं पाणी दाखवलं.
बुडालेली झाडं तिथं कमरेइतक्या पाण्यात उभी होती,
कुणी हाक मारेल म्हणून थांबल्यासारखी.
"आमच्याच बांधीतले मोहं. डोंग्यात बसून तोडतो आमी.
याच्या खाली तं माह्या ननंदेचा मांडव होता."
फॉर्मात पर्याय होते: जंगल, शेत, विकत.
मी तिन्हींवर खूण केली,
मग तिन्ही खोडल्या.

नव्या चुली आम्ही हातांनी घातल्या.
काठचा चिखल, धानाचा कोंडा,
वीतभर तोंड, खाली चार बोटं जाळी,
आणि धुराला भिंतीतून वाट.
आठव्या दिवशी काटा साडेतीनवर थांबला.
मी ओरडलेच.
ओसरीवरचं कुत्रं उठून गेलं.

दहाव्या दिवशी सयत्राबाई मक्याचं कणीस घेऊन आली.
दाण्यादाण्यात भोक.
"धूर गेला न सोंडे आले.
सुकटाले बुरा लागला. आढ्याच्या बांबूले घुण.
डोये बरे आहेत माहे, खोटं नाई बोलत,
पन खाऊ का डोये?"

धूर एवढी कामं करत होता
आणि माझ्याकडे त्याचा फक्त तोटा लिहिलेला.

रात्री पंचफुलाच्या पडवीत सगळे जमले.
कुणी म्हणालं, फोडा.
कवडू म्हणाला, एक जुनी चूल राहू द्या, पुऱ्या टोलीची.
"कोनाच्या घरी?"
यावर तासभर भांडण झालं,
दोन जुने रुसवेही निघाले त्यात.
शेवटी शाळेची खिचडीची खोली ठरली;
पोरं पल्याडच्या वसतिगृहात गेल्यापासून ती रिकामीच.
आता बुधवारी तिथं धूर होतो.
एक्केचाळीस घरांची कणसं, सुकट, बांबू, जाळ्यांचे दोर
एका आढ्याला लटकतात,
आणि कोणाचं कोणतं यावरून
गुरुवारी थोडं भांडण.

पल्याडच्या काठावर विजेच्या कारखान्याची तीन धुराडी.
रात्री त्यांच्या माथ्यावर लाल दिवे लागतात.
त्यांना टांगता येईल असा काटा
कवडूकडे नव्हता.

मार्चात पुन्हा गेले, शेवटच्या मोजणीला.
पाणी ओसरलेलं, मोहांचे बुंधे चिखलापर्यंत उघडे.
सयत्राबाई घाटावर जाळं झटकत होती.
"तो मांडवाचा मोह नाई तोडला यंदा.
गरजच नाई पडली."
त्याच्या शेंड्यावर पाणकावळा
पंख पसरून वाळत बसला होता,
कुणाच्या तरी काळ्या शर्टासारखा.

आकडे भरले. खाली शेऱ्याची ओळ कोरी होती.
मी लिहिलं: मोह, एक. उभा.

मागून कवडू:
"काटा दे बाई आता,
बाजार भरला असंन."