शेरा

आगासनच्या खाजणात
दिवसभरात एकशे बारा बिंदू घेतले.
प्रत्येकाला अक्षांश, रेखांश, मातीची क्षारता
आणि शेवटी एक रकाना : शेरा.
तो बहुतेक रिकामाच जातो.

उपग्रहाला हे शेत
दहा-दहा मीटरच्या चौकटींत दिसतं.
एका चौकटीत मावतात
अर्धा बांध, तिवराची दोन झुडपं,
उघाडीची फळी, वाळत घातलेली गोधडी.
सगळ्यांचा मिळून एकच रंग येतो.
माझ्या नकाशावर त्याला नाव आहे, ‘संमिश्र’.

पदीबाय बांधावरून बघत होत्या.
“या यंत्राची चूक नाय व्हत कधी?”
होते की, म्हटलं. तीनेक मीटर, इकडेतिकडे.
“तीन मीटर!”
त्या पदर तोंडाला लावून हसल्या.
“हातभर बांधासाठी माजा दीर
अकरा वरसं बोलला नाय आमच्याशी.”

खार चढते ती खाडीच्या अंगाने,
तसं आम्ही गृहीतच धरलेलं.
पण पडद्यावर लाल पट्टा आला
पार मधोमध, वाकडातिकडा,
कुणी ओलं बोट ओढत नेल्यासारखा.
मीटर धुतला, पुन्हा बुडवला.
तिसऱ्यांदाही तोच आकडा.

पदीबाय वाकल्या,
चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकल्या.
“हितं खाडीचा फाटा व्हता.
नवी नवरी व्हते, तवा निवट्या धरल्यात मी हितं.
मंग सासऱ्यानं भरला,
दोन उन्हाळं बैलगारी चालली.
म्हून तर या पट्ट्यात आमी राताच पेरतो.
दुसरा भात जगत नाय.”

माझ्याकडचं सगळ्यात जुनं चित्र
तिच्या लग्नानंतरचं आहे.
त्यात फाटा नाही,
गुळगुळीत राखाडी शेत आहे फक्त.

त्या उघाडीकडे गेल्यावर
मीही चिमूट उचलली.
खारट.
मला एवढंच कळलं.

रात्री तक्ता भरताना
सदुसष्टाव्या बिंदूपुढे शेरा लिहिला :
येथे निवट्या होत्या.
स्रोताच्या रकान्यात पर्याय तीनच,
उपग्रह, यंत्र, जुना नकाशा.
चौथा जोडायचा तर सरांची परवानगी लागते.
अर्ज टाकलाय.
पर्यायाचं नाव काय, असं विचारलंय तिथे.
‘जीभ’ लिहिलं, खोडलं,
‘पदी बाळाराम म्हात्रे’ लिहिलं.