फक्त

सकाळी सहाला वाटाणे शिजायला लागतात
तेव्हा खारीवाव रोडवर दूधवाला, मी आणि इखलास.
ती कांदा चिरते. पाच किलो.
डोळ्यांत पाणी येत नाही तिच्या.
पहिल्या दिवशीच लक्षात आलं होतं,
विचारलं नाही.

आली होती गिऱ्हाईक म्हणून, गेल्या माघात,
मुलाचं बोट धरून.
शेव बाजूला सारली, पाव बाजूला सारला,
चमच्याच्या पाठीनं उसळीतले वाटाणे मोडत बसली,
वर कच्चं तेल मागितलं, जिरं मागितलं,
ताटली पुसून खाल्ली, आणि म्हणाली : फूल.
मी इकडेतिकडे पाहिलं. कुठलं फूल?
मुझम्मिल हसला. त्याला गुजराती येते.
‘काका, अमारे त्यां आने फूल कहे.’
तिकडे म्हणजे कुठे?
त्यानं हात केला स्टेशनच्या दिशेला,
जणू सगळी गावं तिथूनच सुरू होतात.

भाडेकरूच्या फॉर्मवर रकाना होता : कायमचा पत्ता.
दिल्लीहून मिळालेलं निळं कार्ड तिनं टेबलावर ठेवलं,
उजवीकडून डावीकडे एक ओळ लिहिली,
आणि खोडली.
हवालदार म्हणाला, ‘कंईक तो लखो.’
मी काय सांगणार तिला?
माझं मूळ गाव साताऱ्याकडे, म्हणे.
कुणी एक घोडे राखणारा फौजेबरोबर इथवर आला
आणि परतायचं राहून गेलं,
एवढीच आमची वंशावळ.
मी ‘पंखा बंध कर’ म्हटलं की
पुण्याचा मेहुणा अजून हसतो.

एकदा हिशेब करताना म्हणालो, फक्त साठ रुपये.
तिची सुरी थांबली.
फकत?
फक्त.
तिच्या घरातली वाटी माझ्या फळीवर दिसावी
तशी बघत राहिली.
मग आम्ही दोघं डबे उघडत गेलो :
दुकान तिचंही दुकान, साबण साबूण,
तारीख, कलम, हिशेब. मुझम्मिल टाळ्या पिटत होता.
मी म्हणालो, खबर.
ती फोनकडे वळली. फोन काळाच होता.
तो डबा आम्ही झाकण लावून
परत ठेवला.

आता गुरुवारी एक पातेलं तिचं असतं.
मागच्या गल्लीतल्या पाटणकर बाईंनी आधी नाक मुरडलं,
मग डबा पाठवला, मग
तेल जरा कमी घाल, असा निरोप.

परवा हवालदार दुकानावरच आला. नवं वर्ष, नवा फॉर्म,
रकाना तोच.
मुझम्मिलनं पेन घेतलं, गुजरातीत, ठसठशीत,
माझ्या दुकानाचा पत्ता घातला,
‘सेव-उसळ’ या शब्दासकट.
‘आ कायमी नथी,’ हवालदार म्हणाला.
इखलासनं त्या ओळीवर बोट फिरवलं,
डावीकडून उजवीकडे, अडखळत.
मी काही बोलणार होतो,
पण पातेलं खाली लागल्याचा वास आला
आणि तिघंही धावलो.