चार पॉइंट चार

लेंगऱ्याच्या लग्नाचा व्हिडिओ उद्या सकाळी हवाय
आणि दिवसा एक्केचाळीसवर गेलेलं विटा
रात्री साडेनऊलाही निवलेलं नाही.

प्रोसेसर सेकंडहँड, कोल्हापूरहून आणलेला.
कारखान्यानं त्याला बजावलंय,
तीन पॉइंट आठ, त्याच्यापुढं जायचं नाही.
मी म्हणते, जाऊ या की. पण हळू.

शंभर-शंभरनं.
प्रत्येक पायरीवर तासभर छळायचं त्याला,
ज्यांचं उत्तर कुणालाच नको अशी गणितं घालायची,
आकडे वहीत लिहायचे.
डोक्यावर पेस्ट तुरीच्या डाळीएवढीच,
जास्त थापली की उलट तापतं.
पंख्यातला कचरा रंगाच्या ब्रशनं काढला.
मागांचं गाव हे,
इथं धूळसुद्धा सुती असते.

अडुसष्ट. एकाहत्तर. शहात्तर.
चार पॉइंट सहाला
निळा पडदा.

आता व्होल्टेज वाढवलं तर उठेल तो,
आणि धावेलही, महिनोन् महिने,
मला वाटेल जमलं.
आत केसाहून बारीक तांब्याच्या वाटा,
वीज जोरात सोडली की एकेक कण
तिच्याबरोबर सरकत जातो.
येरळेचा काठ काही एका पुरात जात नाही.
ओंजळभर जातो, परत ओंजळभर,
मग एक दिवस बघावं तर
बांधावरची बाभळ पात्रात आडवी.

आबा दारात उभे.
बावीस वर्षं इरोडला गलाईचं दुकान,
असले मेलेले प्रोसेसर त्यांनी पोत्यानं गाळलेत,
किलोभरातून गुंजभर निघायचं, म्हणतात.
माझा जुना तळहातावर घेऊन
सवयीनं जोखला.

"किती जगतंय हे?"
"नीट ठेवलं तर दहा-बारा वर्षं."
"आन् दामटलं तर?"

मी पडद्याकडं बघितलं.

"घाई केली की मूस तडकती, पोरी," म्हणाले,
आणि कूलरसमोर पाट ओढून बसले.
हा कूलर मशीनसाठी घेतलेला.
मशीनला वर तीन पंखे वेगळे.
आठ बाय दहाच्या त्या दुकानात
आबांनी भट्टीपुढं कधी पंखा लावला नाही,
ज्योत हलायची म्हणून.
तेजाबाचा तांबडा धूर
दाराकडं जायला वाट शोधायचा,
मध्ये आबा बसलेले असायचे.
हे ते अजून अभिमानानं सांगतात.

माझ्या वहीत डाव्या पानावर प्रोसेसर.
उजव्या पानावर रोज सकाळ-संध्याकाळ
आबांच्या बोटाला चिमटा लावून दिसलेला आकडा.
चौऱ्याण्णव. त्र्याण्णव.
जिना चढल्यावर एकोणनव्वद.

मी खाली आले. चार पॉइंट चार.
व्होल्टेजही दोन घरं उतरवलं,
कंपनीनं दिलं होतं त्याच्याही खाली,
आणि श्वास धरून बसले.
पडला नाही.
कमी विजेवरही तेवढंच काम करतात काही जण,
त्यांना कुणी विचारलेलंच नसतं.

"आबा, दोनला झालं असतं, आता चार वाजतील."
"मग काय नवरी पळून जाती व्हय?"
स्वतःच हसले,
हसण्याचा खोकला झाला,
तो थांबेपर्यंत
मी टक्क्यांची पट्टी मोजत राहिले. एकतीस. एकतीस. बत्तीस.

अडीचला शेजारचे माग बंद पडले.
पडद्यावर लेंगऱ्याची नवरी
एकेका चौकटीनं मान वर करत होती.

डाव्या पानावर लिहिलं:
चार पॉइंट चार, एकोणसत्तर अंश, स्थिर.
उजवं पान आज कोरं राहिलं.
आबा पाटावरच भिंतीला टेकून झोपले होते,
आणि ते बोट
मुठीत होतं.